कपाट क्रमांक सातमध्ये नसलेलं पुस्तक

"शुक्रवारी मी कबूल करून टाकतो," मामा म्हणाला.

तो काचेच्या पलीकडे, आई आणि मी अलीकडे, आणि मधे तारेचा एक जुना फोन. रिसीव्हर आईच्या कानाला होता. पण मामा वीस वर्षं टेम्पो चालवणारा माणूस, इंजिनाच्या वरून बोलायची सवय. मला सगळं ऐकू येत होतं.

"काय कबूल करतोस?" आईने विचारलं.

"चोरी."

"केलीस का?"

"नाही."

"मग?"

"ताई, आत सगळे सांगतात. कबूल केलं की साहेब म्हणतात, जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा, आणि सोडतात. नाही नाही करत बसलं तर केस संपेपर्यंत इथेच. परवाच एक जण असा सुटला. जाताना मला त्याची चादर देऊन गेला."

"अरे, पण मग तू कायमचा चोर ठरशील, जालू."

"आत्ता कोण आहे मी?"

 मागून हवालदार म्हणाला, "चला, वेळ झाली," आणि मामाने जाता जाता काचेवर माझ्या नाकासमोर टिचकी मारली. लहानपणापासून मारतो तशीच.

मी तेव्हा आठवीत होते. आता दहावीत आहे आणि अख्ख्या वर्गासमोर उभी राहून काहीही बोलू शकते. बाई म्हणतात की जरा कमी बोललीस तरी चालेल. पण तेव्हा मी अशी नव्हते. तेव्हा मी शाळेत सांगितलं होतं की माझा मामा सुरतला असतो, साड्यांच्या कंपनीत. तनिष्काने विचारलं होतं, कुठल्या कंपनीत? त्या दिवसापासून मी तनिष्काच्या शेजारी बसणंच सोडलं.

खरं होतं ते असं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मामाच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांखाली आठ पाणबुडी मोटारी सापडल्या. शेतकऱ्यांच्या विहिरींतून चोरलेल्या. भाडं ठरवणारा माणूस मामाच्या शेजारीच बसला होता. नाक्यावर पोलीस दिसताच तो उतरून पळाला आणि फरार झाला. मामा पळाला नाही, कारण पळायचं कशासाठी हेच त्याला माहीत नव्हतं. साथीदार फरार आहे म्हणून कोर्टाने जामीन नाकारला. तेव्हाचे वकील म्हणाले होते, "चोरीचं कलम आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. त्यातली अर्धी, म्हणजे दीड वर्ष आत गेलं की कायद्यानेच जामीन मिळतो. मार्चमध्ये या." मग त्यांनी वकिली सोडून मुलाकडे पुण्याला बस्तान हलवलं. आईने मार्च महिन्यातल्या नऊ तारखेभोवती गोल केला आणि आम्ही सगळे त्या गोलाकडे बघत बसलो.

आता ऑक्टोबर चालू होता. मामाच्याने मार्चपर्यंत थांबवत नव्हतं.

एसटीत मी आईला म्हटलं, "कायद्यात दुसरा काहीतरी मार्ग असेल ना."

"असता तर वकिलांनी सांगितला नसता?"

"विसरले असतील."

"ईश्वरी, वकील विसरतात आणि आठवीतल्या मुलीला आठवतं, असं असतं का?"

तसं नसतं हे मला कळत होतं. पण सोमवार होता आणि शुक्रवारी तारीख होती. मधे तीन दिवस रिकामे होते, आणि रिकामं बसणं मला जमत नाही.

आईचा मोबाइल रात्री जेवण होईपर्यंत हातात मिळाला. आई आशाताई आहे, त्या मोबाइलवर गावातल्या सगळ्या बाळांच्या लसीच्या तारखा असतात. अर्धा तास शोधून मला काळ्या कोटातली तीन माणसं सापडली. तिघंही एकाच गोष्टीबद्दल तीन वेगवेगळी उत्तरं ओरडून सांगत होती. बाबा ते बघून म्हणाले, "हे कोर्टात ऐकवणार आहेस का? छापलेलं काहीतरी आण."

छापलेलं कुठे असतं? आमच्या हरणखेडमध्ये एकाच ठिकाणी. बसस्टँडसमोरच्या सार्वजनिक वाचनालयात.

मंगळवारी शाळा सुटल्या सुटल्या मी तिथे. ग्रंथपाल निकुंभ सर, ऑक्टोबरच्या उकाड्यात बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले, टेबलाच्या खणातून बडीशेप काढून तोंडात टाकत होते. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. नाव, वेळ, आणि शेवटचा रकाना: विषय. मी लिहिलं, 'शाळेचा प्रकल्प, न्यायव्यवस्था'. मामा हा शब्द मनात होता, पण तो रकाना अगदीच अरुंद होता. म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं.

"कितवी?" सरांनी विचारलं.

"आठवी."

"किती पानं लिहायचीत?"

याची मी तयारी केली नव्हती. "दहा."

"मग ही दोन पुरेत," म्हणून त्यांनी दोन पुस्तकं दिली. पहिल्यात तराजू धरलेल्या बाईचं चित्र होतं. दुसऱ्यात सरन्यायाधीशांची नेमणूक कशी होते ते होतं. माझ्या मामाची सुटका कशी होते ते नव्हतं. मी परत गेले.

"सर, यात गुन्हेगारांबद्दल काहीच नाहीये."

"गुन्हेगारांबद्दल हवंय?" ते उठले, शिडी लावली, आणि वरून एक विटेसारखं पुस्तक काढून दिलं. त्यात गुन्हेगारांच्या कवट्यांचे आकार होते. कुठल्या तरी काळात विद्वान लोक म्हणे डोक्याच्या आकारावरून चोर ओळखायचे. मी मामाचं डोकं आठवून बघितलं. ते नारळासारखं होतं. त्या चित्रांत नारळ नव्हता. मला उगाच बरं वाटलं, पण बरं वाटून भागणार नव्हतं.

मी तिसऱ्यांदा गेले. मग जुन्या तुरुंगांचा इतिहास मिळाला. चौथ्यांदा पोलिसांच्या गणवेशाचा. सहा वाजता सरांनी पंखे बंद केले आणि म्हणाले, "प्रकल्प बराच मोठा दिसतोय."

बुधवारी मी शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर पोट दुखतंय म्हणाले आणि दोन वाजता वाचनालयात हजर झाले. हॉलमध्ये रोजचे पाच आजोबा पेपर वाचत होते. निकुंभ सरांनी माझ्याकडे बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं, पण शाळेबद्दल काही विचारलं नाही.

"सर, प्रकल्पात एक मुद्दा आहे," मी म्हटलं. "समजा एक माणूस तुरुंगात आहे. आणि त्याची केस संपलेली नाही. तर त्याला बाहेर कसं काढायचं? म्हणजे कायद्याने."

सरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. मग खणातून किल्ली काढली. "कपाट क्रमांक सात. कायदा. पानं हलक्या हाताने उलट, काही पुस्तकं माझ्यापेक्षा मोठी आहेत."

कपाट सात उघडलं आणि डांबरगोळ्यांचा भपकारा आला. गावातल्या एका जुन्या वकिलांच्या घरच्यांनी दिलेली पुस्तकं, लाल-काळ्या पाठींची, सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली. पहिला तासभर मी वेड्यासारखी पहिल्या पानापासून वाचत होते. मग मला शोध लागला की पुस्तकाच्या शेवटी सूची असते, आणि सूचीत 'जामीन' असा शब्द असतो, आणि त्याच्यापुढे कलमांचे आकडे असतात. कुणी शिकवलं नव्हतं हो, माझं मीच शोधलं. खजिन्याचा नकाशा हातात आल्यासारखं झालं. मराठीतली फौजदारी प्रक्रिया संहिता काढली, सूची उघडली, आकड्यांमागे धावत सुटले. एक कलम, दुसरं कलम, हे नाही, ते नाही, आणि मग ४३६-अ. 'कमाल शिक्षेच्या निम्म्या कालावधीपर्यंत स्थानबद्धता भोगली असेल तर'. हेच. हेच ते. वहीत मी झरझर मांडलं: तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने, त्याचे निम्मे अठरा, नऊ सप्टेंबरपासून अठरा.

नऊ मार्च.

आईने केलेला गोलच मी तीन तास धावून परत शोधून काढला होता.

मी ते पान उघडं ठेवून बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. वर बघितलं तर निकुंभ सर टेबलाशी उभे होते आणि माझी वही वाचत होते.

"प्रकल्पवाली मुलं पुस्तक उघडून आधी चित्रं बघतात," ते म्हणाले. "तू तारखा मांडतेयस. कुणाची आहे ही नऊ सप्टेंबर?"

त्याच वेळी अभ्यासिकेच्या दारातून काजलताई पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली दिवसभर बसतात, त्यांतली ती. पोलीस भरतीची तयारी करणारी. आणि तनिष्काची सख्खी मोठी बहीण. ती कूलरशी उभी राहिली, माझ्यापासून चार पावलांवर. बाटली भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला ठरवायचं होतं.

"माझ्या मामाची," मी म्हटलं.

आवाज माझ्या मते हळू होता. पण पाचही पेपर एकदम खाली आले.

"मामा जिल्ह्याच्या जेलमध्ये आहे. तेरा महिने. त्याने चोरी केलेली नाही, पण परवा तो केली म्हणून सांगणार आहे, कारण त्याला बाहेर यायचंय. मला परवाच्या आत दुसरा रस्ता हवाय. प्रकल्प वगैरे काही नाहीये, सर."

काजलताईची बाटली भरून पाणी तिच्या चपलेवर सांडायला लागलं.

मला वाटलं होतं की हे बोलल्यावर काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. एका आजोबांनी नाक शिंकरलं. निकुंभ सरांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले, आणि ते जरासे चिडलेले होते.

"दोन दिवस," ते म्हणाले. "दोन दिवस तू मला न्यायव्यवस्था मागतेस. मी तुला न्यायव्यवस्था देतोय. कवट्या दिल्या मी तुला. अगं, मला तुझा खरा प्रश्न दिलास तर मी खरं पुस्तक देईन ना?"

"सॉरी, सर."

"सॉरी राहू दे. कलम कुठलं लावलंय? शिक्षा किती? आधी कधी शिक्षा झालीय? दुसरी केस?"

"चोरी. तीन वर्षं. कधीच नाही. एकच."

"तू वाचतेयस ते पुस्तक मेलं," सर म्हणाले. "या जुलैपासून नवा कायदा आलाय. त्याचं पुस्तक मी ऑगस्टमध्येच घेतलं."

"मग ते कपाटात का नाहीये?"

सर पहिल्यांदाच अडखळले. "कपाट सातमधलं पुस्तक वर्षातून एकदा कुणी मागतं. हे पुस्तक आल्या दिवसापासून अभ्यासिकेतली पोरं मागायला लागली, भरतीत नव्या कायद्यावर प्रश्न येतात म्हणून. म्हणून मी ते..." त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. "धावण्याच्या वेळापत्रकांच्या आणि अंकगणिताच्या शेजारी लावलं. चूकच आहे ती."

"सर, ते पुस्तक आता माझ्याकडे आहे," काजलताई म्हणाली.

अभ्यासिकेचा नियम असा की सकाळी ज्याने पुस्तक घेतलं, संध्याकाळपर्यंत ते त्याच्याच टेबलावर. त्यावरून तिथे भांडणं होतात. काजलताई आत गेली, आणि मला वाटलं की ती आता तिच्या जागेवर बसून वाचायला लागेल. पण ती पुस्तक घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर ठेवून, न उघडताच म्हणाली, "कलम चारशे एकोणऐंशी."

"पाठ आहे?"

"पाचशे एकतीस कलमं आहेत त्यात. मला तीनशे पाठ आहेत. हे तर हमखास येणारं." तिने डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागली. "कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढली असेल तर जामीन. परंतु." तिने एक डोळा उघडला. "परीक्षेत परंतुवर प्रश्न येतो. परंतु, ज्याला पूर्वी कधीही कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्याने एक तृतीयांश मुदत काढली असली तरी त्याला जातमुचलक्यावर सोडण्यात येईल."

"जातमुचलका म्हणजे?"

"जामीनदार लागत नाही. स्वतःच्या सहीवर."

"एक तृतीयांश," मी म्हटलं. छत्तीसला तीनने भागायला आठवीतल्या मुलीला वेळ लागू नये. मला लागला, कारण मी तो भागाकार दोनदा केला. बारा. बारा महिने. मामाला आत तेरा झाले होते. म्हणजे आम्ही मार्चच्या गोलाकडे बघत बसलो होतो तेव्हा ती तारीख केव्हाच होऊन गेली होती, नऊ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी माझी घटक चाचणी होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता.

मी टेबलावर थाप मारली. त्या वाचनालयात चाळीस वर्षांत कुणी मारली नसेल एवढी जोरात. पेपरवाल्या एका आजोबांनी दाद द्यावी तशी मान हलवली.

"थांब," निकुंभ सर म्हणाले. "नाचू नकोस. तुझ्या मामाची केस जुलैच्या आधीची. नवा कायदा जुन्या केसला लागू होतो का? परवा समोरचे सरकारी वकील पहिलं हेच विचारतील."

माझा हात टेबलावरच राहिला.

"होतो," काजलताई म्हणाली. "सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. जुन्या कैद्यांनाही लागू. पेपरमध्ये आलं होतं, ऑगस्टच्या शेवटाला."

"आपल्याकडे आहे तो पेपर," म्हणत सर मागच्या खोलीत गेले. मीही मागे. महिन्याचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले. ऑगस्ट खाली होता, वर सप्टेंबर आणि ऑक्टोबर. आम्ही दोघांनी ते उचलले, सुतळी सोडली, आणि जमिनीवर गुडघे टेकून मी पानं उलटायला लागले. बावीस. तेवीस. चोवीस. चोवीस तारखेच्या पानाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं. त्यातून खालची मालिशच्या तेलाची जाहिरात दिसत होती.

सर त्या भोकाकडे बघत राहिले. "वर्षभर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी उंदरांचं औषध ठेवतोय."

दारात काजलताई उभी होती. तिच्या हातात एक जाड वही होती, कात्रणं चिकटवून फुगलेली. "चालू घडामोडींसाठी," ती म्हणाली. "सगळेच कापतात, सर."

"सगळ्यांचं नंतर बघतो. आहे का त्यात?"

होतं. डिंकाने एक कोपरा पिवळा झालेला, पण पूर्ण होतं, तारखेसकट. काजलताईने त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, 'महत्त्वाचे'. मी ती ओळ तीनदा वाचली. तिने परीक्षेसाठी मारलेली रेघ माझ्या मामासाठी आयतीच तयार होती.

"झेरॉक्स काढून आणते," मी पुस्तक उचललं.

"संदर्भग्रंथ बाहेर जात नाही," निकुंभ सर म्हणाले. नियमच होता तो, भिंतीवर रंगवलेला.

"सर, उद्याच वकिलांकडे..."

"ग्रंथ जात नाही. ग्रंथपालाला बंदी नाही." त्यांनी पुस्तक आणि काजलताईची वही काखेत मारली, चपला घातल्या, आणि बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात गेले. मी मागे, काजलताई माझ्या मागे. हॉल पाच आजोबांच्या भरवशावर. सरांनी प्रत्येक पानाच्या तीन प्रती काढल्या, पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि प्रकाशनाचं वर्ष छापलेलं पानही. "वर्ष दाखवल्याशिवाय कायद्याचं पान दाखवायचं नाही," ते मला म्हणाले. "आज दुपारी तू मेलेल्या पानाला बळी पडलीस."

मी गिरणीवर पळत गेले. बाबांच्या भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. मी पट्ट्याच्या आवाजाच्या वरून ओरडून सगळं सांगितलं. त्यांना "बारा" एवढंच ऐकू आलं. त्यांनी गिरणी बंद केली, दळण घेऊन आलेल्या दोन बायकांच्या देखत, आणि म्हणाले, "परत सांग. हळू."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच तनिष्का भेटली. मी ओळखलं, काजलताई घरी बोलली होती.

"तुझा मामा सुरतला नाहीये?"

"नाही. जेलमध्ये आहे."

तिने क्षणभर विचार केला. "बरं. काल तू नव्हतीस, बाईंनी चार गणितं दिलीयत. वही देऊ?"

एवढंच. वर्षभर मी त्या एका प्रश्नासाठी बाक बदलून बसले होते.

त्या दुपारी आई, बाबा आणि मी कोर्टातल्या मोफत विधी सेवेच्या खोलीत गेलो. मामाची केस तिथल्या नव्या वकिलांकडे आली होती, मेघना बोरसे नावाच्या. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर अर्धा खाल्लेला पेरू. त्यांनी माझी पानं वाचली, मग मामाची फाइल काढली, मग परत माझी पानं.

"कलम मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण ही फाइल माझ्याकडे आली ती वर अशी चिठ्ठी लागून." त्यांनी दाखवली. 'मार्चमध्ये पाहणे.' "मला वाटलं, मार्चमध्येच आत गेला असेल, बारा महिने पुढच्या मार्चला भरतील. तुम्ही आला का नाहीत इतके दिवस?"

"मार्चमध्ये या म्हणाले होते," आई म्हणाली.

"आधी कधीच शिक्षा नाही? नक्की?"

"मॅडम, त्याने कधी सिग्नल तोडला नाही. आमच्या गावात सिग्नल नाही ती गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले.

मॅडम हसल्या आणि लिहायला लागल्या. अर्ज, जेलकडून मुदतीचा दाखला मागवणारं पत्र, सगळं. मधेच मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि हे कुणी शोधलं?"

आईने माझ्याकडे बोट केलं. आई असं कधी करत नाही.

"उद्या एक काळजी घ्या," मॅडम म्हणाल्या. "आधी गुन्हा कबूल आहे का ते विचारतील. तो एकदा हो म्हणाला तर मग या अर्जाचा काही उपयोग नाही. त्याला गाठून सांगा."

जेलला निरोप धाडायला वेळ नव्हता. म्हणून शुक्रवारी सकाळी दहापासून मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. गाडी साडेअकराला आली. सहा जण उतरले, दोन दोन एकमेकांना बांधलेले, आणि मामा शेवटच्या जोडीत. मान खाली घालून येत होता. मी पुढे झाले तशी एका पोलिसाने हात आडवा घातला.

"बाजूला, बाजूला. बोलायचं नाही."

व्हरांडा माणसांनी भरलेला होता. गावातली निम्मी माणसं ओळखीची. शाळेतल्या शिपाईकाकांसकट.

"मामा," मी म्हटलं, इंजिनाच्या वरच्या आवाजात. "अठरा नाही. बारा महिने. नवा कायदा आहे, तू आज सुटू शकतोस. कबूल करू नकोस."

तो थांबला. त्याच्याबरोबर बांधलेला माणूसही थांबला, त्याला थांबावंच लागलं.

"कुणी सांगितलं?" मामाने विचारलं.

"पुस्तकात आहे. मी वाचलंय."

"चल रे," पोलीस म्हणाला, पण त्याने फार जोर लावला नाही.

आत आम्ही मागच्या बाकावर बसलो. नाव पुकारलं गेलं. न्यायाधीश बाईंनी कागदातून वर बघून विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मामा पिंजऱ्यात उभा, दोन्ही हात लाकडी कठड्यावर. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीवरून काय चाललंय ते कळेना, आणि मी आईचा हात एवढा दाबला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर संध्याकाळपर्यंत राहिला.

"नाही, साहेब," मामा म्हणाला. "मी चोरी केलेली नाही."

मग बोरसे मॅडम उठल्या. सरकारी वकिलांनी निकुंभ सरांनी सांगितलेलाच प्रश्न विचारला, शब्द न् शब्द तोच. मॅडमनी कात्रण पुढे केलं आणि त्यामागे निकालाची प्रतही, ती त्यांनी रात्रीतून मिळवली होती. सगळं मिळून चौदा मिनिटं. तेरा महिने आणि चौदा मिनिटं. बाई काहीतरी लिहीत राहिल्या, आणि मग मॅडमनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि फक्त मान डोलावली.

मामाची केस पुढे सात महिने चालली, फरार माणूस सापडला आणि मामा निर्दोष सुटला, पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी दुपारी चार वाजता जेलच्या छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला. हातात एक पिशवी. आईने त्याला बघितलं आणि कडाकडा बोटं मोडली. बाबांनी त्याच्या हातातून पिशवी घेतली, मामाने परत ओढून घेतली, दोघांचं थोडा वेळ तेच चाललं.

मग मामा माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता टिचकी. त्याने टिचकी मारली नाही. शर्टाच्या खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा उलटा केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"काल रात्री बराकीत सांगितलं मी, भाचीने पुस्तकात शोधलं म्हणून," तो म्हणाला. "कुणी झोपूच देईना. प्रत्येक जण म्हणतो, माझंही बघायला सांग."

कागदावर अकरा नावं होती. प्रत्येकाच्या पुढे कलम, आत आल्याची तारीख, आणि एका बाजूला 'पहिलीच' किंवा 'दुसरी'. अक्षर मामाचं, टेम्पोच्या पाठीमागे लिहिल्यासारखं ठळक.

"आधी घरी तर चल, जेव," आई त्याला म्हणत होती. "तुझी बायको कधीपासून वाट बघतेय."

वाचनालय शनिवारी सहापर्यंत उघडं असतं. पावणेपाचची एसटी मिळाली तर पोहोचता आलं असतं. मी दप्तरातून पेन काढलं, कागद जेलच्या भिंतीवर टेकवला आणि पहिल्या नावापासून महिने मोजायला लागले.